‘के’ जीवनसत्त्व : तपासणी कोणती आणि कोणासाठी?



आरोग्य तपासणीचा अहवाल वर्षागणिक जाड होत चालला आहे. पूर्वी हिमोग्लोबिन, साखर आणि लघवी एवढ्या तपासण्यांवर काम भागत असे. पुढे ‘ड’ आणि ‘बी-१२’ या जीवनसत्त्वांची भर पडली. आता काही अहवालांच्या अखेरच्या पानांवर ‘के’ जीवनसत्त्वाचीही एक ओळ दिसू लागली आहे. त्या ओळीपुढे ‘कमी’ असा शेरा आला, की घरात चिंता सुरू होते. खडकवासला आणि सिंहगड रस्ता परिसरातील ज्येष्ठ मंडळींकडून अलीकडे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो : ‘डॉक्टर, माझे के जीवनसत्त्व कमी निघाले आहे. गोळी सुरू करू का?’

बहुतेकांसाठी या प्रश्नाचे उत्तर ‘गरज नाही’ असे आहे. मात्र काही थोड्या रुग्णांसाठी ते ‘विचारल्याविना मुळीच घेऊ नका’ असे आहे, कारण त्यांच्या बाबतीत ही निरुपद्रवी दिसणारी गोळी जिवावर बेतू शकते. आपण यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे प्रत्येकाला ठाऊक असावे, एवढ्यासाठी आजचा लेख.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. मराठीत आपण ज्याला ‘क’ जीवनसत्त्व म्हणतो ते आवळ्यात, लिंबात आणि पेरूत असते. ‘के’ जीवनसत्त्व हे त्याहून सर्वस्वी वेगळे. ते प्रामुख्याने हिरव्या पालेभाज्यांत आढळते आणि त्याचे मुख्य काम रक्त गोठण्याशी निगडित आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करताना असे आढळले, की स्निग्ध पदार्थ काढून टाकलेला आहार दिलेल्या पिलांना रक्तस्राव होतो. जो घटक मिळाल्याने तो थांबत असे, त्याला त्यांनी १९३५ मध्ये ‘के’ हे नाव दिले. रक्त गोठण्याला जर्मन आणि डॅनिश भाषांत जो शब्द आहे, त्याचे ते आद्याक्षर. या शोधासाठी डाम यांना, आणि या जीवनसत्त्वाची रासायनिक रचना उलगडणारे अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड डॉइझी यांना, १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपले यकृत रक्त गोठवणारी अनेक प्रथिने तयार करते. त्यांपैकी चार, म्हणजे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा घटक, ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्यानेच कार्यक्षम होतात. जीवनसत्त्व अपुरे पडले तरी प्रथिने तयार होतात. पण ती अर्धवट घडलेली असतात आणि जखमेच्या जागी उपयोगी पडत नाहीत.

पातळी मोजून काय कळते?

खडकवासल्याच्या वाचकांना धरणाचे उदाहरण सहज पटेल. पानशेत आणि वरसगाव या धरणांची साठवण क्षमता प्रत्येकी १० टीएमसीहून अधिक आहे. खडकवासल्याची स्वतःची क्षमता मात्र जेमतेम २ टीएमसी. वरच्या धरणांतून पाणी सोडले की ते भरते आणि कालव्याला सोडले की उतरते. शरीरातील ‘बी-१२’चा साठा पानशेतसारखा असतो, तो वर्षानुवर्षे पुरतो. ‘के’चा साठा खडकवासल्यासारखा लहान. रोज थोडे येते, रोज थोडे खर्च होते. म्हणून रक्तातील ‘के’ची पातळी ही बव्हंशी काल-परवा काय जेवलो, याचेच प्रतिबिंब असते. मेथीची भाजी खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी ती एक दिसेल, साबुदाण्याच्या उपवासानंतर दुसरी.

शिवाय हे मोजमाप नाजूक आहे. रक्तातील याचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावे लागते. नमुना प्रकाशापासून जपावा लागतो. हे जीवनसत्त्व रक्तातील चरबीच्या कणांबरोबर वाहत असल्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील, तर आकडाही वाढलेला दिसतो. म्हणून धडधाकट ज्येष्ठाची ‘के’ पातळी केवळ खबरदारी म्हणून मोजण्यास वैद्यकीय आधार नाही.

मग डॉक्टर काय पाहतात? ते धरणातील पाणी मोजत बसत नाहीत. नळाला पाणी येते की नाही, ते पाहतात. ही तपासणी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, अर्थात पीटी. ती अमेरिकन वैद्य आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. रक्तातील द्रवात ठरावीक रसायन मिसळल्यावर ते गोठण्यास किती सेकंद लागतात, हे तीत मोजतात. निरोगी माणसात ही वेळ साधारणतः ११ ते १४ सेकंद असते. परंतु प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन कमी-अधिक तीव्र असल्याने सेकंदांची परस्पर तुलना करता येत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये एक समान मापदंड स्वीकारला. तोच आयएनआर. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. तो जितका अधिक, तितका रक्त गोठण्यास लागणारा वेळ अधिक.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. गोठवणारे घटक बरेच खाली आल्याविना पीटी वाढत नाही. म्हणजे किरकोळ कमतरता तिच्या नजरेतून सुटू शकते. दुसरे असे, की यकृतच आजारी असेल तरीही आयएनआर वाढतो. तेव्हा दोष कच्च्या मालाचा की कारखान्याचा, हे ठरवावे लागते. डॉक्टर अशा वेळी ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन पुन्हा तपासणी करतात. कमतरताच असेल तर एखाद्या दिवसात आयएनआर स्पष्टपणे सुधारतो. यकृत निकामी झालेले असेल तर फारसा फरक पडत नाही. पिव्का-२ नावाची आणखी एक तपासणी अर्धवट घडलेले प्रथिन मोजते आणि कमतरता लवकर पकडते. मात्र यकृताच्या कर्करोगातही ती वाढते. तिचा अहवाल घरच्या घरी वाचून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये.

खरी कमतरता कोणाला होते?

पहिला गट पित्तनलिकेत अडथळा आलेल्यांचा. ‘के’ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाते आणि त्यासाठी आतड्यात पित्त उतरावे लागते. खड्यामुळे किंवा गाठीमुळे पित्त अडले, डोळे पिवळे झाले, शौचाचा रंग पांढुरका झाला, तर शस्त्रक्रियेपूर्वी आयएनआर पाहतात आणि गरजेनुसार ‘के’चे इंजेक्शन देतात. दुसरा गट दीर्घकाळचा अतिसार किंवा आतड्यांचे विकार असणाऱ्यांचा. तिसरा गट घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा : आजारपणामुळे दोन-तीन आठवडे धड जेवण नाही, चहा-बिस्किटे आणि पेज यांवरच भागते आहे, आणि त्यातच तीव्र प्रतिजैविके चालू आहेत. अशा वृद्धाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा सुई टोचल्या जागी मोठा काळानिळा डाग पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

याउलट, ज्या लक्षणामुळे सर्वाधिक ज्येष्ठ ही तपासणी करून घेऊ इच्छितात, त्याचा ‘के’शी बहुधा संबंध नसतो. हाताच्या मागच्या बाजूला किंवा कोपराखाली, किंचित धक्का लागताच उमटणारे जांभळे डाग हे वयोमानाने कातडी पातळ झाल्याची खूण असतात. उन्हाने आणि स्टेरॉइडच्या मलमांनी ते वाढतात. ते दुखत नाहीत आणि काही दिवसांत विरतात. मात्र असे डाग पोटावर, पाठीवर, मांड्यांवर विनाकारण उमटू लागले, किंवा त्यांच्या जोडीला नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर प्लेटलेटची संख्या आणि आयएनआर या दोन्ही तपासण्या कराव्यात.

आजी-आजोबांसाठी आणखी एक गोष्ट. नवजात बाळाच्या शरीरात ‘के’चा साठा अत्यल्प असतो आणि आईच्या दुधातूनही ते फारसे मिळत नाही. त्यामुळे काही बाळांना मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. कोणत्या बाळाला तो होईल, हे आधी सांगता येत नसल्याने तपासणीत वेळ न दवडता जन्मतःच प्रत्येक बाळाच्या मांडीत ‘के’चे इंजेक्शन देतात. ‘एवढ्याशा जिवाला सुई कशाला?’ असे म्हणून कृपया कोणी ते अडवू नये.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ज्यांच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप आहे, ज्यांना संधिवाताच्या तापामुळे झडपेचा विकार जडला आहे, किंवा ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, अशा अनेकांना वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमेरॉल ही गोळी दिलेली असते. दुसरी आपल्याकडे अ‍ॅसिट्रॉम या नावाने अधिक परिचित आहे. आपले शरीर तेच ते ‘के’ जीवनसत्त्व पुनःपुन्हा वापरात आणते. ही औषधे त्या पुनर्वापरालाच खीळ घालतात. म्हणजे रक्त सहज गोठू नये म्हणून ‘के’चे काम हेतुपुरस्सर मंद केलेले असते.

या औषधांचा उगम गोठ्यात झाला, हे वाचून नवल वाटेल. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावत होती. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला डबा घेऊन तेथील विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांच्या खटपटीनंतर त्या चाऱ्यातील द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५० च्या दशकात रुग्णांसाठी वापरले जाऊ लागले. विष आणि औषध यांत अंतर मात्रेचे. ती मात्रा आयएनआर सांगतो. अनियमित ठोक्यांसाठी गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर बहुधा २ ते ३ च्या दरम्यान राखतात. मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असल्यास बहुधा २.५ ते ३.५. आपले लक्ष्य कोणते, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.

अशा रुग्णाने ‘के’ची पातळी मोजून ती ‘कमी’ निघाली म्हणून गोळी घेणे म्हणजे काय, ते माझ्या पाहण्यातल्या एका उदाहरणावरून सांगतो. सत्तरीकडे झुकलेल्या एका आजींच्या हृदयात धातूची झडप आहे. त्यांचा आयएनआर बरीच वर्षे तीनच्या आसपास स्थिर होता. नातेवाइकांनी काळजीपोटी घरबसल्या मोठी तपासणी करवली. अहवालात ‘के’ कमी असल्याचा शेरा आला. हाडांसाठी म्हणून एक कॅप्सूल सुरू झाली. तीत कॅल्शियम आणि ‘ड’ यांच्या जोडीला ‘के-२’ होते. अ‍ॅसिट्रॉमची मात्रा तीच, आहार तोच, तरीही पुढच्या मासिक तपासणीत आयएनआर १.४ वर आलेला. सुदैवाने झडपेवर गुठळी धरलेली नव्हती. कॅप्सूल थांबवली, हृदयरोगतज्ज्ञांनी मात्रा सांभाळली आणि आकडा मूळ जागी आला. महिन्याची तपासणी चुकली असती, तर ही गोष्ट कदाचित पक्षाघाताने संपली असती. घरातील कोणाचाही हेतू वाईट नव्हता. ‘जीवनसत्त्व तर आहे, त्याने काय अपाय होणार?’ हा समज तेवढा घातक ठरला.

म्हणून आज घरातील कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटे काढून मागची बाजू वाचा. ‘के-२’, ‘के-२-७’ किंवा ‘मेनाक्विनोन’ असा उल्लेख असेल आणि घरात कोणी अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेत असेल, तर ती गोळी डॉक्टरांना दाखवा. ती अगोदरपासून चालू असेल, तर मनाने एकाएकी बंदही करू नका. कारण मग आयएनआर उलट दिशेने, वर जाईल आणि रक्तस्रावाचा धोका वाढेल.

पालेभाजी सोडू नये, बदलू नये

अ‍ॅसिट्रॉम सुरू झाली की पालेभाज्या कायमच्या बंद, असा समज घरोघरी आहे. तो योग्य नाही. हिरवे मुळीच न खाणाऱ्याचा साठा इतका तुटपुंजा राहतो, की एखाद्या दिवशीची पालकाची भाजीही आयएनआर हलवते. नियम एवढाच : जेवढे खाता तेवढे दर आठवड्याला सारखे खा. आठवड्यातून तीनदा वाटीभर मेथी, चाकवत, माठ, शेपू किंवा अळू असेल, तर तसेच बाराही महिने चालू द्या. गोळीची मात्रा त्या आहाराला धरून ठरवता येते. ‘के’ शिजवल्याने फारसे नष्ट होत नाही आणि तेलाच्या फोडणीमुळे ते अधिक चांगले शोषले जाते.

आपल्याकडे घोटाळा होतो तो ऋतू आणि व्रते यांच्या सांध्यावर. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या येतात. थंडीत मेथी स्वस्त होते आणि रोज ताटात पडते. बागेत फिरायला जाणारे कोणाच्या सांगण्यावरून पालक-कोथिंबिरीचा हिरवा रस सुरू करतात. या सर्वांनी आयएनआर खाली येऊ शकतो. उलट नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा, वरई आणि बटाटा यांवर काढले, की तोच आकडा वर जाऊ शकतो. श्रद्धेचा मान राखून मी एवढेच सुचवतो : उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा आणि उपवासाच्या काळात एकदा तपासणी करून घ्या.

औषधांचेही तसेच. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल यांसारख्या औषधांनी आयएनआर वाढतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने तो उतरतो. कोणतेही प्रतिजैविक सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांत आयएनआर पाहावा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी या रुग्णांनी टाळावी. काढे आणि जडीबुटीची औषधेही डॉक्टरांना सांगून घ्यावीत.

येथे एक भेद स्पष्ट करतो. ‘रक्त पातळ करणाऱ्या’ सर्वच गोळ्या ‘के’शी संबंधित नसतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटवर काम करतात. डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन ही नवी औषधे वेगळ्या मार्गाने चालतात. त्यांना पालेभाजीचे बंधन नाही आणि त्यांची मात्रा आयएनआरवरून ठरत नाही. परंतु धातूची झडप असलेल्यांना ही नवी औषधे चालत नाहीत. शेजाऱ्याने गोळी बदलली म्हणून आपणही बदलावी, असे मनात आणू नये.

घरातल्यांसाठी चार गोष्टी

एक : आयएनआरसाठी उपाशीपोटी राहण्याची गरज नाही. नमुना निळ्या झाकणाच्या नळीत घेतात आणि ती खुणेपर्यंत भरावी लागते. तीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असते. नळी अर्धवट भरली तर आकडा चुकतो. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत जावे.

दोन : गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी आणि तपासणी सकाळी, असा क्रम ठेवावा. म्हणजे अहवाल पाहून त्याच दिवशीची मात्रा बदलता येते. एका वहीत तारीख, आयएनआर आणि मात्रा लिहावी. प्रारंभी तपासणी वरचेवर लागते. आकडा स्थिरावल्यावर साधारण महिन्यातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तशी.

तीन : चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळी देऊ नये. दात काढण्यापूर्वी वा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी गोळीविषयी सांगावे, पण ती आपल्या मनाने थांबवू नये. आयएनआर फार वाढला, तरी ‘के’चे इंजेक्शन घरच्या घरी टोचून घेऊ नये. मात्रा अधिक झाली तर पुढे कित्येक दिवस मूळ गोळी लागू पडत नाही.

चार : काळे डांबरासारखे शौच, लाल लघवी, न थांबणारे रक्त, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातले बळ जाणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालयात न्यावे. पडून डोके आपटले असेल, तर वरून काही दिसत नसले तरी न्यावे. सोबत ती वही घ्यावी.

‘के’च्या पातळीची ओळ आपल्या अहवालात असेल, तर तिच्यावर स्वतः उपाय करू नका. अहवाल आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. त्यांना पहिल्याने एवढेच सांगा, की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे किंवा नाही, आणि असल्यास कोणती. पुढचे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.